उतरणीला अकरा माणसं

दर ऑक्टोबरात आम्ही तुशेती सोडून खाली उतरतो.
मेंढ्या आधीच गेलेल्या असतात, काकासोबत, पायी.
मागून आमची डेलिका. आठ जणांची गाडी, माणसं अकरा,
शिवाय कातडी पिशवीतलं चीज, बटाटे, घोंगड्या,
आणि एक कोंबडी, जिला कुणी मोजत नाही.

गाडी जपानी, स्टीअरिंग उजवीकडे.
समोरून ट्रक येतोय का, हे डावीकडच्यानं सांगायचं.
डावीकडे गिगो आजोबा, कारण त्यांचे गुडघे.
त्यांना एकाच डोळ्यानं दिसतं.
"ये," म्हणतात ते, "ये, ये, ये,"
आणि बाबा क्षणभर थांबून मगच येतात.

मधल्या बाकावर आई, मझेवा आत्या, नानुली,
नानुलीचा नवरा तामाझ, जो मैदानातला आहे.
डोंगरावर डुकराचं मांस चालत नाही आमच्यात,
म्हणून जूनमध्ये घाटाच्या पायथ्याशी, आमच्याकडे पाठ करून
तो उभ्यानं सगळं सॉसेज संपवतो.
आणि ऑक्टोबरात, पहिलं दुकान दिसलं की,
सहज विचारावं तसं विचारतो,
"कुणाला काही हवंय का?"

मागं आम्ही. इया आणि माया, मी, लेक्सो,
आणि खिडकीशी, गुडघे हनुवटीपर्यंत दुमडून, जुरखा.
माझा कोट आधी जुरखाचा, मग नानुलीचा,
मग एका जुळीचा. कुठल्या, यावरून भांडण आजही चालू आहे.
खिसा फाटलेला. अस्तरात बोटं घातली की
कुणाच्या तरी वेळच्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं लागतात.

अबानोच्या माथ्यावर लेक्सोला ओकारी येते.
दरवर्षी. त्याच वळणावर.
आता बाबा आधीच गाडी थांबवतात,
तो उतरतो, बघतो, कधीकधी काही होतही नाही,
पण सगळे उतरलेलेच असतात, तर मग आई
बॉनेटवर रुमाल पसरते, उकडलेली अंडी सोलते.
वारा मीठ उडवून नेतो. अकरा अंडी, अकरा माणसं.

या वर्षी दहा.

जुरखा वरच राहिला. हवामान खात्याची नोकरी:
रोज सकाळी बर्फात काठी रोवायची,
आकडा वहीत लिहायचा, फोनवर सांगायचा.
पगार बरा आहे. पुढच्या वर्षी गाडीला नवे टायर,
असं तो म्हणाला, आणि बाबा टायरकडेच बघत राहिले.

मागच्या बाकावर त्याची जागा मोकळी होती.
लेक्सोनं पाय लांब केले नाहीत.
जुळ्या नेहमीसारख्याच एकमेकींच्या कोपरांवरून भांडल्या,
तेवढ्याच जागेत.
मी चीजची पिशवी तिथं ठेवली,
घाटात हलू नये म्हणून पट्टा लावला.
आईनं मागं वळून बघितलं,
म्हणाली, "सरळ बसव तिला."

माथ्यावर अकरावं अंडं निघालं.
आईनं सवयीनं उकडलं होतं. ती काही बोलली नाही.
तामाझनं ते सोललं, दोन तुकडे केले,
एक लेक्सोला दिला, एक कोंबडीला,
आणि मझेवा आत्या हसली ती थांबेचना,
डोळे पुसेपर्यंत.

आता आल्वानीत आलोत. अंगणात द्राक्षांचा मांडव,
खोल्या तीन, चुली दोन, आवाज एकच, सगळ्यांचा.
वरचा रस्ता बंद झाला. बर्फ पडला.

काल रात्री जुरखाचा फोन आला.
बुरुजामागच्या दगडावर उभं राहिलं तरच रेंज लागते,
म्हणून आधी वारा ऐकू आला, मग तो.
"माझ्या जागेवर कोण बसलं होतं?"
"चीज," मी म्हणाले.
"वास मारत असेल."
"तू मारायचास तेवढा नाही."

आई, बाबा, आजोबा, जुळ्या, सगळे एका फोनला कान लावून,
एकमेकांच्या केसांत श्वास टाकत.
त्यानं आकडा सांगितला: बेचाळीस सेंटीमीटर.
आम्ही तो एकमेकांना सांगितला,
जणू आम्ही सगळ्यांनी ऐकलाच नव्हता.

मग म्हणाला, घरात सात पलंग आहेत आणि मी एक.
मधोमध झोपून बघितलं, जमत नाही.
झोप लागते ती काठावरच, एका कुशीवर,
घोंगडी अर्ध्यावरून दुमडून.